गिटारच्या तारा निवडताना या चुका टाळा

"दादा, बोटं फुटली. यापेक्षा पातळ तारा टाकून द्या ना." गेल्या जुलैत कॉलेजला जाणारी एक मुलगी तिची अकूस्टिक गिटार दुरुस्तीला माझ्याकडे घेऊन आली आणि टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाली. गिटारवर आधीच १०चा सेट होता, म्हणजे सगळ्यात पातळ तार ०.०१० इंचाची. अकूस्टिकवर याहून पातळ तारा सहसा कुणी लावत नाही. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी कड) स्टीलची मोजपट्टी उभी धरली. जाड ई तार फ्रेटच्या साडेतीन मिलिमीटर वर होती. तार दाबायलाच एवढं खोल जावं लागलं, तर मग ती १०ची असो की १२ची, बोट दुखणारच.

गेजबद्दल, म्हणजे तारांच्या जाडीबद्दल, सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही आहे. दुखणं अ‍ॅक्शनचं, म्हणजे तारेच्या फ्रेटपासूनच्या उंचीचं, असतं आणि औषध तारांना दिलं जातं. पातळ तारांनी आठवडाभर बरं वाटतं. मग आवाज पोकळ लागायला लागतो, जोरात स्ट्रमिंग केलं की तारा खडखडतात, आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा एफ कॉर्ड तरीही लागत नाही.

तारा घ्यायला जाण्याआधी घरीच एक गोष्ट तपासा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर राहते ते पाहा. केसाएवढी फट दिसली तर नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ठीक आहे. जाड कागद सहज सरकत असेल, तर नटच्या खाचा उथळ आहेत आणि एफ कॉर्ड तिथेच अडतोय. या मुलीच्या गिटारचं नेमकं हेच होतं. त्या दिवशी फक्त नटच्या खाचा बारीक कानशीने उतरवल्या. सॅडलला, म्हणजे फळीवर तारा अडकवायच्या ब्रिजमधल्या पट्टीला, मुद्दाम हात लावला नाही, कारण पावसाळा चालू होता.

आपल्याकडे, विशेषतः कोकण, मुंबई, गोव्यात, जून ते सप्टेंबर लाकूड दमट हवा पितं. समोरची फळी किंचित फुगते, तिच्यासोबत ब्रिज वर येतो आणि अ‍ॅक्शन चढते. जुलैत सॅडल घासून बसवली की हिवाळ्यात फळी खाली बसते आणि तारा फ्रेटला घासू लागतात. दिवाळीनंतर ती मुलगी परत आली तेव्हा तीच ई तार ३ मिलिमीटरवर आली होती. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल तळातून १ मिलिमीटर घासावी लागते. तेवढी घासली, अडीचवर आणली, आणि १०च्या जागी ११-५२चा सेट चढवला. आधीपेक्षा जाड तारा, पण एफ कॉर्ड स्वच्छ वाजला.

'लाइट' या शब्दावर जाऊ नका

पाकिटावरचा 'लाइट' हा शब्द दोन गिटारांवर दोन अर्थांनी येतो. इलेक्ट्रिकच्या 'लाइट' सेटमध्ये सहसा १०-४६ असतात, अकूस्टिकच्या 'लाइट'मध्ये १२-५३. दुकानात शब्द सांगू नका, आकडे सांगा: "बारा-त्रेपन्नचा सेट द्या." पहिला आकडा सगळ्यात पातळ तारेचा, दुसरा सगळ्यात जाड तारेचा, आणि दोन्ही इंचाच्या हजाराव्या भागात. १२ म्हणजे ०.०१२ इंच, सुमारे ०.३० मिलिमीटर.

हे आकडे दिसायला इतके जवळ असतात की ९ आणि १०मध्ये फरक तो काय, असं वाटतं. पण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९ची तार काढून त्याच सुराला १०ची लावली, तर त्या एका तारेवरचा ताण जवळपास २३ टक्क्यांनी वाढतो. अकूस्टिकवर १२-५३चा पूर्ण सेट सुरात लावला की गिटार ७० किलोहून जास्त ओढ सहन करत असते, १३-५६ लावला की ८० किलोहून जास्त. म्हणून गिटार बनवणाऱ्याने चालतो म्हटलं असेल तरच १३चा सेट लावा. जुनी, लहान अंगाची किंवा ब्रिजच्या मागे फुगवटा आलेली गिटार असेल तर ११च्या पुढे जाऊ नका.

नायलॉनच्या गिटारवर स्टील कधीच नाही

या चुकीने गिटार कायमची जाते, म्हणून हे जरा कळकळीने लिहितोय. क्लासिकल गिटारवर नायलॉनच्या सहा तारांची एकूण ओढ साधारण ४० किलोच्या आसपास असते, आणि आतल्या पट्ट्या तेवढ्याच ओढीच्या हिशेबाने चिकटवलेल्या असतात. तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या की ओढ दीडपटीहून जास्त होते. माझ्याकडे आलेल्या अशा एका गिटारचा ब्रिज मागच्या बाजूने उचलला होता. वरून काही दिसत नव्हतं, पण व्हिजिटिंग कार्ड त्याच्याखाली अर्ध्यापर्यंत सरकलं. घरी कुणीतरी 'आवाज मोठा येईल' म्हणून तारा बदलल्या होत्या.

ओळख सोपी आहे. डोक्याच्या पट्टीत दोन लांब खाचा, ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या तारा, रुंद मान, आणि खालच्या तीन तारा मासे पकडायच्या दोरीसारख्या. असं दिसलं तर फक्त नायलॉन. तिथे गेजऐवजी 'नॉर्मल टेन्शन', 'हार्ड टेन्शन' असं लिहिलेलं असतं. सुरुवातीला नॉर्मल घ्या.

इलेक्ट्रिकवर फक्त सेट बदलून भागत नाही

स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, विसरू नका. फेंडरच्या बहुतेक गिटारांची स्केल २५.५ इंच, गिब्सनच्या अनेक गिटारांची २४.७५. लहान स्केलवर त्याच तारेचा ताण सुमारे ६ टक्के कमी लागतो. म्हणून फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर ९-४२ आणि गिब्सनच्या लेस पॉलवर १०-४६ ही जोडी हाताला बरी लागते.

स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज असेल तर जाड सेट चढवल्यावर ब्रिज पुढे झुकतो आणि अ‍ॅक्शन चढते. खुंट्या पिळत बसू नका, एक तार सुरात आणाल तर दुसरी उतरेल. मागचं झाकण काढा, स्प्रिंग धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा आटा घट्ट करा, सगळ्या तारा पुन्हा लावा, ब्रिज पातळीत येईपर्यंत असंच करा. पातळ सेट लावला असेल तर उलट दिशेने.

मानेचंही तसंच. पातळ तारांनी मान सरळ होते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर येते: ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पाव आटा सैल. जाड तारांनी मान पुढे वाकते आणि मधल्या फ्रेटवर तारा उंच वाटतात: पाव आटा घट्ट. एका वेळी पावच आटा, मग पुन्हा सुरात लावून पाहा. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा आणि गिटार जाणकाराकडे न्या. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या.

ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर जाड तार नटच्या जुन्या खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. त्यानेही सुटली नाही तर खाच रुंद करून घ्या.

अकूस्टिकच्या ब्राँझ तारा इलेक्ट्रिकवर लावू नका. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकाला, फक्त आतली स्टीलची तार ऐकू येते. गुंडाळलेल्या तारा दबलेल्या आणि साध्या तारा कर्कश लागतात.

मोठ्या वादकाचा आकडा उचलणं

ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन १३ची तार लावायचे, हे वाचून अनेक मुलं १३ मागतात. पण ते गिटार अर्धा सूर उतरवून वाजवायचे, त्याने ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, आणि त्यांची बोटं त्याला सरावलेली होती. दुसरीकडे झेडझेड टॉप बँडचे बिली गिबन्स अतिशय पातळ तारांवर भरदार आवाज काढतात. ब्लॅक सबाथ बँडचे टोनी आयोमी यांनी कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावल्यावर पातळ तारा शोधल्या. या प्रत्येकाचा आकडा त्याच्या हातातून आणि ट्युनिंगमधून आला.

स्वतःचा आकडा काढताना ट्युनिंग आधी ठरवा. गाण्याच्या पट्टीसाठी एक पूर्ण सूर, म्हणजे दोन फ्रेट, उतरवून वाजवत असाल, तर ताण सुमारे २० टक्के घटतो आणि ९चा सेट लोंबकळू लागतो. तिथे १०चा सेट लावा, हाताला जवळपास ९सारखाच वाटेल.

आत्ता कुठला सेट आहे हेच माहीत नसेल, तर व्हर्नियर कॅलिपरने पातळ ई तार मोजा: ०.२३ मिलिमीटर म्हणजे ९, ०.२५ म्हणजे १०, ०.२८ म्हणजे ११, ०.३० म्हणजे १२. पुढच्या वेळी तारा चढवाल तेव्हा पाकिटावरची आकड्यांची पट्टी फाडून, तिच्यावर तारीख घालून केसमध्ये ठेवा.