आवडत्या छायाचित्रकाराकडून शिकताना
एकाच वेळी दहा जणांच्या मागे लागण्यापेक्षा एकच छायाचित्रकार निवडून त्याचे एकेक छायाचित्र निवांत पाहावे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे टिपलेले छायाचित्र घ्या: साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे, खाली त्याचे प्रतिबिंब आहे आणि मागच्या भिंतीवरील जाहिरातीतली आकृतीही तशीच झेपावते आहे. प्रकाश कोठून येतो, कॅमेरा किती उंचीवर आहे, हे वहीत नोंदवावे. मग ५० मिमीची एकच लेन्स लावून (कार्तिए-ब्रेसाँही बहुतेक वेळा हीच वापरत) आधी पार्श्वभूमी ठरवावी आणि चौकटीत कोणी येईपर्यंत थांबावे. नक्कल हुबेहूब साधली नाही तरी चालेल. मूळ छायाचित्र शेजारी ठेवून फरक नेमका कोठे पडला, ते मात्र तपासावे.