गाठ आहे की गळू, कसं ओळखायचं

अंगावर काही उठलं की कुणीतरी अंगठ्याने दाबून बघतंच. प्लीज दाबू नका, आधी एवढंच आठवा की हे कधीपासून आहे.

माझ्या वडिलांच्या पाठीवर सात-आठ वर्षं सुपारीएवढी गाठ होती, दुखत नव्हती, बोटाने ढकलली की कातडीबरोबर सरकायची आणि नीट बघितलं तर मधोमध बारीक काळा ठिपका. ही सिस्ट. कातडीखाली एक बंद पिशवी असते, आत पू नसतो, केस नि नखं ज्याची बनतात ते केराटिन साठत जातं, बाहेर आलंच तर पांढरं, चक्क्यासारखं घट्ट आणि वास भयंकर.

गळू दोन-चार दिवसांत चढतं. जागा लाल, हात लावला तर गरम, रात्रभर ठणका, मग मधे मऊ पडतं कारण आत पू झालेला असतो, कधी तापही येतो.

गोंधळ होतो तो सिस्टमध्येच पू झाला की. वडिलांची गाठ घरात कुणीतरी जोर लावून पिळली, तिसऱ्या दिवशी लिंबाएवढी लालभडक झाली, बनियनसुद्धा लागू देईनात. डॉक्टरांनी चीर देऊन फक्त पू काढला आणि दीड महिन्याने, सूज पूर्ण गेल्यावर, पिशवीसकट गाठ काढली, कारण सुजलेली पिशवी अख्खी निघत नाही आणि तुकडा आत राहिला तर ती परत भरते.

गळू लहान असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने 10-15 मिनिटं शेका, दिवसातून 3-4 वेळा. चुना-गूळ अजिबात नको, कातडी भाजते. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक पण आणू नका, पू साठलेल्या पोकळीत रक्त पोचत नाही तर औषध कुठून पोचणार, मोठ्या गळवाला चीर द्यावीच लागते.

शुगर असेल, ताप-थंडी असेल, लाली पसरत असेल, किंवा गळू नाकाजवळ, वरच्या ओठावर नाहीतर शौचाच्या जागेजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शौचाच्या जागेजवळच्या गळवाचं पुढे भगंदर, म्हणजे आत बोगदा पडून वाहत राहणारी जखम, होऊ शकतं.

आणि गाठ दगडासारखी टणक असेल, जागची हलत नसेल, वाढत असेल तर सिस्टच असेल म्हणून बसू नका. स्तनातली गाठ तर दुखो न दुखो, दाखवायचीच.