घरांच्या पाहणीचे आकडे ताडून बघताना या चुका टाळा

२००१ च्या जनगणनेनुसार देशातल्या ६३.६ टक्के कुटुंबांच्या घरी शौचालय नव्हतं. २०११ च्या जनगणनेनुसार ४९.८ टक्के कुटुंबं उघड्यावर जात होती. हे दोन आकडे शेजारी मांडून 'दहा वर्षांत जवळपास चौदा टक्क्यांची घट' असं वाक्य सहज लिहिलं जातं. आकडे दोन्ही खरे आहेत, वजाबाकीही बरोबर आहे, तरी वाक्य चुकीचं आहे.

कारण २००१ मध्ये प्रश्न 'घरी शौचालय नाही' या उत्तरापाशीच थांबत होता. २०११ मध्ये त्यापुढे एक पायरी जोडली गेली: मग सार्वजनिक शौचालय वापरता की उघड्यावर जाता? सार्वजनिक शौचालय वापरणारी ३.२ टक्के कुटुंबं त्यामुळे पहिल्यांदाच वेगळी दिसली. २००१ मध्ये अशी कुटुंबं 'शौचालय नाही' याच खान्यात मिसळलेली होती. तेव्हा ६३.६ ची जोडी ४९.८ शी लागत नाही, २०११ मध्ये घरी शौचालय नसलेल्या एकूण ५३.१ टक्क्यांशी लागते (सुट्या आकड्यांची बेरीज दशांशाच्या फेरामुळे ५३.० दिसते). फरक साडेदहा टक्क्यांचा निघतो. तोही मोठाच आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे.

फुटलेला पर्याय एकटा उचलणं

नळाच्या पाण्याचं बघा. २००१ मध्ये 'नळ' हा एकच पर्याय होता आणि उत्तर होतं ३६.७ टक्के. २०११ मध्ये त्याचे दोन झाले: प्रक्रिया केलेलं नळाचं पाणी आणि प्रक्रिया न केलेलं. पहिल्याचा आकडा ३२ टक्के. घाईत तक्त्याची पहिलीच ओळ उचलली, तर दहा वर्षांत नळ कमी झाले असं वाटेल. दोन्ही ओळींची बेरीज केली की ४३.५ टक्के येतात आणि चित्र उलटं होतं.

छपराच्या तक्त्यातही हेच झालं आहे. २००१ ची 'कौलं' २०११ मध्ये हाताने घडवलेली आणि यंत्रावर घडवलेली अशी विभागली गेली. भिंतीच्या दगडाचेही दोन प्रकार झाले, सांध्यांत चुना-सिमेंटचा दर्जा भरलेला आणि न भरलेला. नव्या पर्यायांची बेरीज करून जुन्या पर्यायापर्यंत पोचता येतं. जुन्या आकड्याचे मात्र अंदाजाने तुकडे करू नका. २००१ मध्ये किती कौलं मंगळुरी, म्हणजे यंत्रावर घडवलेली होती, हे तो तक्ता कधीच सांगणार नाही.

प्रश्नाच्या आधी काय विचारलं, हे न बघणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खुपते, कारण ती प्रश्न वाचूनही कळत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये झाली. पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि घरांची स्थिती हा तिचा विषय, आणि १,०६,८३८ कुटुंबांचा नमुना. ग्रामीण भागातल्या ७१.३ टक्के कुटुंबांना शौचालय उपलब्ध असल्याचं तिच्यात आलं. सरकारी कार्यक्रमाच्या नोंदींपेक्षा हा आकडा बराच कमी होता आणि त्यावरून मोठा वाद झाला.

त्या वादात सांख्यिकी मंत्रालयाने आकड्यासोबतच दिलेला एक इशारा अनेकांनी वगळला. प्रश्नावलीत शौचालयाच्या आधी, सरकारी योजनेतून लाभ मिळाला का, हे विचारलं होतं. योजनेचं नाव निघाल्यावर 'नाही म्हटलं तर आणखी काही पदरात पडेल' या आशेने काही जणांनी नकार दिला असू शकतो, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. याने ७१.३ हा आकडा बाद होत नाही. तो किती सरकला, हेही त्यावरून ठरत नाही. पण तो वापरणाऱ्याने हा इशारा सोबत द्यायलाच हवा. त्याला खोटं ठरवण्यासाठी एवढाच इशारा पुढे करणं मला तितकंच चूक वाटतं. म्हणून फक्त तुमचा प्रश्न वाचून थांबू नका, प्रश्नावलीचं आधीचं पानही वाचा.

'घर' म्हणजे राहतं घर, असं धरून चालणं

२०११ च्या जनगणनेत सुमारे ३३ कोटी घरं मोजली गेली आणि कुटुंबं होती सुमारे २४.७ कोटी. म्हणजे आठ कोटी घरं जास्त? नाही. जनगणनेच्या भाषेत रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यातून स्वतंत्र मुख्य दार असलेली आणि स्वतंत्रपणे वापरली जाणारी जागा म्हणजे घर. त्यात दुकान येतं, शाळा येते, देऊळही येतं. तेव्हा रिकाम्या आढळलेल्या सुमारे २.४७ कोटी घरांना सरसकट 'बंद फ्लॅट' म्हणता येत नाही. कुटुंबाची व्याख्या चुलीवरून ठरते: एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकातलं जेवणारे. एका छपराखाली भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की कुटुंबं दोन होतात, घर वाढलेलं नसलं तरी.

गाव आणि मोसम

'ग्रामीण' हा शब्द तोच राहतो, गावं तीच राहत नाहीत. कारभार ग्रामपंचायतीचा, पण लोकसंख्या आणि रोजगाराच्या निकषांवर शहरी ठरलेली जनगणना नगरं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. सोयी असलेली मोठी गावं अशी शहरी बाजूला गेली की उरलेल्या ग्रामीण भागाची सरासरी आपोआप बदलते. मोसमाचंही तसंच. नमुना पाहणीची ६५ वी फेरी जुलै २००८ ते जून २००९ अशी वर्षभर चालली, तर ६९ वी (२०१२) आणि ७६ वी दोन्ही जुलै ते डिसेंबर. पाण्याच्या प्रश्नांना पावसाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये सारखीच उत्तरं येतील, असं धरू नका.

माध्यम बदललं तर

२०२७ च्या जनगणनेची माहिती मोबाइल ॲपवर भरली जाते आणि कुटुंबांना ती स्वतः भरण्याचीही सोय आहे. घरोघरी जाऊन माहिती घेणारा प्रगणक छपराकडे बघून नोंद करतो. स्वतः भरणारा माणूस पडद्यावरचे पर्याय वाचून आपल्या समजुतीने निवडतो. तेव्हा २०११ शी तुलना करताना आधी दोन्ही प्रश्नावल्या आणि प्रगणकांसाठीच्या सूचना शेजारी ठेवा. तुमच्या प्रश्नाचे शब्द, पर्याय, क्रम आणि कोणाला विचारलं हे चारही ओळीने तपासा. यातलं काही बदललेलं सापडलं, तर आलेखातली रेघ त्या वर्षापाशी तोडा आणि का तोडली ते आलेखाखालीच एका वाक्यात लिहा.