मुंबईत पहिल्यांदा बी लावताय? गावचं कॅलेंडर बाजूला ठेवा

संक्रांत झाली की गावाहून नव्याने मुंबईत आलेली मंडळी कामाला लागतात. खिडकीला ग्रिल असते, गावच्या पिशवीत पुडीत बांधलेलं बी असतं, दोन कुंड्या येतात आणि त्यांत टोमॅटो पडतो. पाडव्याला झाड हिरवंगार दिसतं, फुलं येतात, गळून जातात. मे उजाडतो तरी एक फळ नाही. मग ‘मुंबईत काही येत नाही’ म्हणत कुंड्या जिन्याखाली जातात. मी माणदेशातली, पण माझं निम्म्याहून जास्त आयुष्य मुंबईत गेलं. आपल्याकडच्या माणसांचं हे इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहूनच ठेवते.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलो म्हणून इथे भाजी येईलच, हा समज आधी सोडा. आमच्या इमारतीतल्या मुंबईतच वाढलेल्या मुली, ज्यांनी कधी खुरपं धरलं नाही, त्या आपल्या माणसांपेक्षा चांगली भेंडी काढतात. त्या पाकिटावरचं वाचतात आणि अडलं तर विचारतात. आपल्याला विचारायचा कमीपणा वाटतो.

मुंबईतला फरक दुपारच्या उन्हात नाही, रात्रीत आहे. माणदेशात मार्चमध्ये दुपारी अंग भाजलं तरी पहाटे पांघरूण लागतं. इथे मार्च सरता सरता रात्रीचा पारा विशीच्या खाली क्वचित येतो, आणि एप्रिल-मेमध्ये 24 ते 27 अंशांच्या आसपास राहतो. रात्र अशी उबदार राहिली की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. खत घाला, ताक घाला, काही उपयोग नाही. मुंबईत टोमॅटोचं बी गणपती-नवरात्राच्या सुमारास टाकायचं, म्हणजे फळधारणा थंडीत होते. कोबी, फ्लॉवर, गाजर, वाटाणा यांचंही तसंच. फेब्रुवारीत त्यांच्या नादी लागू नका.

वसंतात मुंबईत लावायची ती उष्णता मानणारी भाजी: भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी, लाल माठ. वांगं आणि मिरचीही चालतात, पण त्यांची रोपं तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. वेळ संक्रांतीपासून होळीपर्यंत. होळीनंतरही भेंडी, चवळी उगवते, पण वेलांना फळं धरायला पावसाआधी पुरेसे दिवस मिळत नाहीत. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून. त्या तारखेपासून मागे मोजत या. कारल्याला पहिलं फळ द्यायला दोन महिने लागतात, म्हणजे मार्चच्या मध्यानंतर बी टाकून हाती फारसं येत नाही.

आता उन्हाचं सांगते. ही गोष्ट गावात कुणालाच शिकावी लागत नाही, कारण वावर चहूबाजूंनी उघडं असतं.

जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात पार आतपर्यंत येतं. ते पाहून माणूस खूश होतो आणि तिथेच सगळं लावतो. पण सूर्य रोज थोडा थोडा वर चढत जातो. मेच्या मध्यात तो मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे ज्या दक्षिणेच्या बाल्कनीत फेब्रुवारीत पाच तास ऊन होतं, तिच्यावर एप्रिलअखेर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. फळं धरायची वेळ येते आणि ऊन निघून जातं. झाड मरत नाही, नुसतं लांबुळकं होत राहतं आणि माणूस खतावर पैसे घालत बसतो.

म्हणून वसंतातल्या भाजीला पूर्वेची किंवा पश्चिमेची बाजू घ्या. पूर्व उत्तम. पश्चिमेला दुपारी दोननंतरचं ऊन आणि तापलेली भिंत असा दुहेरी मार असतो. तिथे एप्रिलपासून 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी लागते. फक्त दक्षिण असेल तर वेल ग्रिलच्या अगदी बाहेरच्या कडेला चढवा आणि आतल्या बाजूला पालेभाजी ठेवा. समोर टॉवर असेल तर एका रविवारी खडूने फरशीवर दर तासाला उन्हाची कड आखा. फळभाजीला रोज सहा तास ऊन हवं, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. चार तासांच्या उन्हात कुणी भेंडीची फुशारकी मारत असेल तर किती भेंड्या निघाल्या ते विचारा.

यानंतरचं नीट वाचा, कारण ही चूक खिशाला सर्वांत महाग पडते. माती.

गावाकडची माणसं मातीवर विश्वास ठेवतात आणि ते बरोबरच आहे. पण इथे तुमच्या पायाखाली जमीन नाही, कुणाच्या तरी घराचं छत आहे. ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. वीस लिटरची एक कुंडी म्हणजे पस्तीस किलो. अशा दहा कुंड्या ग्रिलमध्ये ठेवल्या तर साडेतीनशे किलो झाले, आणि ती ग्रिल चार खिळ्यांवर भिंतीला लटकलेली आहे. खाली रस्ता आहे, माणसं चालतायत. ग्रिलमध्ये जड कुंडी ठेवू नका. रिकामी दिसते म्हणून, वर्षभर काही झालं नाही म्हणून, शेजाऱ्याने ठेवलीय म्हणूनही ठेवू नका.

आमच्या भागातल्या एका तरुणाने गच्चीवर टेम्पोभर लाल माती चढवली आणि विटा लावून थेट स्लॅबवर वाफे केले, गावात परसात करतात तसे. भेंडी छान आली. पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरच्या दोन घरांची छतं गळायला लागली. वॉटरप्रूफिंगचा थर खुरप्याने आणि मुळांनी फाटला होता. सोसायटीने दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून घेतला. लग्नासाठी जमवलेले पैसे त्यात गेले आणि गच्चीला कायमचं कुलूप लागलं. आता त्या इमारतीत कुणालाच गच्चीवर एक तुळसही ठेवता येत नाही. स्लॅबवर थेट माती कधीच टाकू नका. गच्ची सगळ्यांच्या मालकीची असते. कमिटीची परवानगी लेखी घ्या, कुंड्या विटांवर उचलून ठेवा आणि खालून पाणी मोकळं वाहू द्या. सेक्रेटरी तोंडी ‘हो’ म्हणाले हे पुरेसं नाही, पुढच्या वर्षी सेक्रेटरी दुसरे असतात.

मग भरायचं काय? एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. वजन बरंच कमी होतं. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की सत्तर लिटरच्या आसपास फुगते. मात्र ती दोनदा धुऊन घ्या, तिच्यात मीठ असतं. याहून स्वस्त म्हणजे रसवंतीवरचं उसाचं चिपाड. फेब्रुवारीपासून ते गल्लोगल्ली फुकट मिळतं. चिपाड, वाळलेला पाला आणि घरचा ओला कचरा नीट कुजवला की झाडाला लागतं ते सगळं तयार होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी श्री. अ. दाभोळकरांच्या पद्धतीने अशीच, कचऱ्यावर बाग उभी केली. ते काम बघून या शहराबद्दल माझं मत बदललं. इथे जमीन नाही हे खरं, पण सुपीक करता येईल असं इतकं काही रोज फेकलं जातं की गावात मिळणार नाही.

बी कुठून घ्यायचं? भायखळ्याला राणीच्या बागेच्या परिसरात बियाण्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे जा. त्याच बागेत हिवाळ्याच्या शेवटी महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तेही चुकवू नका. माळ्यांशी बोलायची याहून चांगली जागा नाही. रंगीत चित्राचं महागडं पाकीट घेण्याऐवजी वाणाचं नाव विचारा. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, चवळीत कोकण सदाबहार, काकडीत शीतल. शेवटची दोन दापोलीच्या कृषी विद्यापीठाची आहेत, दमट हवेसाठीच काढलेली, म्हणून मुंबईत बरी येतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाण देशावर उत्तम, पण गावी चांगलं येतं म्हणून तेच इथे आणायचा हट्ट नको.

पाकिटावरची तपासणीची तारीख आणि उगवण टक्केवारी बघा. भेंडीच्या प्रमाणित बियाण्याला किमान 65 टक्के उगवण लागते, म्हणजे शंभरातल्या पस्तीस बिया रुजल्या नाहीत तरी बियाणं नियमात बसतं. म्हणून एका जागी दोन बिया टोका आणि पुढे अशक्त रोप मुळाशी कापा, उपटू नका. बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्यावर बुरशीनाशक आहे. मुलांपासून लांब ठेवा, हात धुवा, आणि उरलेलं बी कधीही स्वयंपाकाच्या डब्याशेजारी ठेवू नका. खोलीवर पाच-सहा जण राहतात तिथे हा धोका खरा आहे.

पेरणीचं फार सांगत नाही. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल टोका. भेंडी, कारलं, दुधी रात्रभर भिजवा. धणे पोळपाटावर चिरडून दोन करा. लाल माठ नुसता भुरभुरा, महिन्याभरात ताटात येतो. चार माणसांच्या एका वेळच्या भाजीला भेंडीची दहा-बारा झाडं लागतात, तेव्हा दोन कुंड्यांत भेंडी लावून निराश होऊ नका. जागा तेवढीच असेल तर चवळी लावा.

ज्यांना धीर नाही, किंवा अकरा महिन्यांच्या करारावर राहतात आणि पुढचं घर कुठे मिळेल ते माहीत नाही, त्यांनी समुद्र मेथीपासून सुरुवात करावी. वाण्याकडची मेथी रात्रभर भिजवून पसरट ट्रेमध्ये वाळूमिश्रित मातीवर दाट टाकायची आणि दोन आठवड्यांच्या आत मुळासकट उपटायची. बाजारात हिच्या छोट्या जुड्या मिळतात, तीच ही. ट्रे उचलून टेम्पोत ठेवता येतो.

कबुतरं. गावात चिमण्यांची राखण करायचो, इथे कबुतरांची करा. ताजं बी लावलेली कुंडी दोन तासांत उकरतात आणि मऊ मातीत अंडीसुद्धा घालतात. रोप वीतभर होईपर्यंत वर भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली उलटी ठेवून दोरीने बांधा. त्यांची विष्ठा खत म्हणून वापरू नका, फुप्फुसांचा आजार होतो.

पाणी सकाळी द्या, बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. एप्रिलपासून लहान कुंड्यांना संध्याकाळीही लागतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, एसीचं चालतं. आरओचं टाकाऊ पाणी रोज नको, क्षार साठतात. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ थेंब पडले की वर्षानुवर्षांची बोलचाल बंद होते, म्हणून कुंडीखाली ताटली हवीच. पण ती ताटली आठवड्यातून एकदा पालथी करून घासायची. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याला चमचाभर स्वच्छ पाणीही पुरतं. महापालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, ती तुमच्याच मुलांसाठी येतात.

वेल फुलांनी भरतो आणि फळ धरत नाही, ही उंच मजल्यावरची नेहमीची तक्रार. तिथे मधमाश्या फारशा पोहोचत नाहीत. ज्या फुलामागे इवलंसं फळ दिसतं ते मादी, नुसत्या देठावरचं ते नर. नर फूल खुडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यात हलकेच फिरवा. काकडी आणि कारल्याला हे सकाळी करायचं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा त्यांचं काम ऑफिसातून घरी आल्यावर. सुरुवातीला काही दिवस नुसती नर फुलंच येतात, घाबरू नका. भेंडी, गवार, चवळीला यातलं काही लागत नाही.

पुढच्या वर्षीचं बी घरचं हवं असेल तर भेंडीच्या एका जोमदार झाडावरच्या दोन-तीन शेंगा खुडू नका, तिथेच वाळू द्या. पाकिटावर ‘एफ-1 संकरित’ लिहिलेलं असेल तर हा खटाटोप नको, पुढची पिढी तशी येत नाही. शेंगा मे संपायच्या आत उतरवा. गावात बी राखेत घालून मडक्यात, नाहीतर फडक्यात बांधून आढ्याला ठेवतात. मुंबईच्या पावसाळी दमटपणात ते सप्टेंबरपर्यंत मरतं. इथे सावलीत खडखडीत वाळवून काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, तळाशी तव्यावर कोरडे भाजून गार केलेले तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवा, आणि बाटलीवर वाणाचं नाव आणि महिना लिहा.