संवाद ठेवला होता, वाद झाला: कॅम्पसवरच्या या चुका टाळा

विद्यापीठात दोन गटांत ठिणगी पडली की ठरलेला उपाय असतो: सभागृह घ्या, दोन्हीकडचे बोलके चेहरे मंचावर बसवा, शेवटी दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. इथेच पहिली चूक होते. मंच आला की श्रोते आले, श्रोते आले की टाळ्या. आपल्याच मित्रांच्या टाळ्या चालू असताना "याचा मी विचार केला नव्हता" असं कोण म्हणेल?

मंच काढा, खुर्च्या गोलात मांडा. मिशिगन विद्यापीठात १९८८ पासून आंतरगट संवादाचा उपक्रम चालतो. त्यात मोजकेच विद्यार्थी असतात, दोन्ही गटांचे साधारण सारखे, आणि तेच पुन्हा पुन्हा भेटतात. चर्चा पुढे नेणारेही दोघे, दोन बाजूंचे. (त्यांना सूत्रसंचालक म्हणू नका, लगेच कुणीतरी शेर ऐकवायला लागतो.)

दुसरी चूक म्हणजे आकडेवारीचा मारा. १९७९ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना फाशीच्या शिक्षेवरचे दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूचा, एक विरोधातला. निम्मे विद्यार्थी समर्थक होते, निम्मे विरोधक. तेच कागद वाचून दोघेही आपापल्या मताला आणखी घट्ट चिकटले. म्हणून पुरावे नंतर काढा, आधी समोरचा काय म्हणतोय ते त्याला पटेल असं मांडता येतंय का बघा.

"ग्रंथालयासमोर घोषणा नकोत."
"म्हणजे आमचा आवाजच नको तुला."
"तसं नाही रे."
"बरं. मग जागा चालेल, परीक्षेच्या आठवड्यात नको, असं?"
"हां, तेवढंच."

आता भांडण झालंच तर तारखेवरून होईल.

"तुमच्या लोकांत काय मानतात?" हा प्रश्न टाळाच. वर्गात एकटाच असलेल्या मुलाला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करून टाकतो आपण. त्याचा स्वतःचा अनुभव विचारा, तोही त्याची तयारी असेल तर.

नुसतं एकत्र बसवून मनं जुळतात, हाही भ्रमच. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अटी मांडल्या होत्या: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. माझ्या मते सगळ्यात जास्त घसरतो तो बरोबरीचा दर्जा. गोलात विभागप्रमुख येऊन बसले की विद्यार्थी बोलायच्या आधी त्यांच्याकडे बघतात. त्यांना बाहेर चहा द्या.

बैठक अडली तर? सगळे गप्प असतील तर घाईने विनोद मारू नका, थांबा. एकच जण बोलत सुटला तर सगळ्यांना दोन मिनिटं कागदावर लिहायला लावा आणि वाचन दुसऱ्या टोकापासून सुरू करा. कुणी चिडून उठून गेलं तर दारापर्यंत मागे धावू नका, संध्याकाळी एकट्याने भेटा. मात्र धमकी किंवा छळाची गोष्ट निघाली, तर तिथे संवादाची बैठक लावायची नाही. ते प्रकरण तक्रार समितीकडे जातं, त्याच दिवशी.