पुंगळ्या पुन्हा भरायच्या तर आधी काटा, मग प्रेस

अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर नेहमी जाणारे बरेच जण झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी आणून त्यांत नवा प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी), पावडर आणि बुलेट घालून पुन्हा भरतात. स्वतःपुरत्या भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर लागतो. राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायलाच परवाना हवा. म्हणून हे तिकडे राहणाऱ्यांसाठी.

नवशिक्याचे निम्मे पैसे प्रेसमध्ये, म्हणजे पुंगळीला आकार देऊन बुलेट बसवणाऱ्या दांडीच्या यंत्रात जातात आणि पावडर मोजायच्या काट्याची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा होतो. आमच्या मते क्रम उलटा हवा. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसामध्ये पावडरचं किमान आणि कमाल माप यांत अनेकदा एक ग्रेनचंही अंतर नसतं, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. काटा ०.१ ग्रेनपर्यंत अचूक हवा. दांडीचा काटा हळू चालतो, पण त्याला ना बॅटरी लागते ना आधी तापू द्यावं लागतं. डिजिटल घेतलात तर पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करून ठेवा. पंखा, एसीचा झोत आणि मोबाइल लांब ठेवा. दोन्हींसोबत तपासणीच्या वजनांचा संच घ्या. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ओळखीचं वजन ठेवून बघा. आकडा हलला असेल तर मागच्या तपासणीनंतर भरलेलं सगळं बाजूला काढा.

काट्याच्या बरोबरीने लोड मॅन्युअल. लायमन, हॉर्नडी, स्पीअर यांतलं कुठलंही चालेल. दोन असतील तर पडताळून पाहता येतं. कोणत्या बुलेटला कोणती पावडर किती, हे तिथूनच घ्यायचं आणि सुरुवात किमान मापापासून करायची. ओळखीच्याने सांगितलेला आकडा कितीही खात्रीचा वाटला तरी वापरू नका.

तिसरी वस्तू लांबी मोजायचा सहा इंची कॅलिपर. ९ मिमीच्या काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त १.१६९ इंच. बुलेट मॅन्युअलपेक्षा खोल बसली तर आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने वाढतो. पावडर बरोबर असूनही पिस्तूल बिघडतं ते यामुळे.

आता प्रेस. सिंगल स्टेज घ्या, शक्यतो बंद चौकटीचा ओतीव लोखंडाचा, उदाहरणार्थ आरसीबीएसचा रॉक चकर. दांडी एकदा ओढली की एकच काम होतं, म्हणून पन्नास पुंगळ्यांचं एकेक काम संपवून पुढे जाता येतं. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये दांडी ओढली की दर वेळी एक काडतूस बाहेर पडतं आणि चार-पाच ठिकाणी एकाच वेळी लक्ष ठेवावं लागतं. हात बसलेला नसताना चूक तिथेच निसटते. प्रेस जाड फळीच्या टेबलाला बोल्टने आवळा. डायचे (प्रेसमध्ये बसवायच्या, पुंगळीला आकार देणाऱ्या साच्याचे) आटे बहुतेक ठिकाणी ७/८-१४ असल्याने एका कंपनीची डाय दुसऱ्या प्रेसमध्ये बसते. पुंगळीचं बूड धरून ठेवणारा शेल होल्डर मात्र काडतुसाप्रमाणे निवडावा लागतो.

पहिलं काडतूस ९ मिमी किंवा .३८ स्पेशल असू द्या आणि डाय कार्बाइडची घ्या, म्हणजे पुंगळीला वंगण लावावं लागत नाही. .२२३ किंवा .३०८ सारख्या गळा असलेल्या रायफलच्या पुंगळीला वंगण हवंच. कमी पडलं तर ती डायमध्ये अशी रुतते की दांडी उलटी ओढताना बुडाची कड फाटून निघते आणि पुंगळी आत राहते.

पुंगळ्या उभ्या ठेवायचा पन्नास भोकांचा लोडिंग ब्लॉक स्वस्तातला आहे, पण जीव वाचवणारा तोच. पावडर भरून झाली की बुलेट बसवण्याआधी टॉर्चचा उजेड तिरपा टाकून एकेका पुंगळीत डोकवा. सगळीकडे पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी काळी, खोल दिसली तर तिच्यात पावडर नाही. तशीच झाडली तर प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढच्या गोळीला नळी फुटू शकते. .३८ स्पेशलमध्ये दुहेरी माप सहज मावतं, म्हणून पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल अशी पावडर निवडा; दुसऱ्यांदा पडली तर ओसंडून वाहते आणि लगेच कळतं. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम झालं की हॉपरमधली (माप घालणाऱ्या साधनाच्या टाकीतली) पावडर त्याच मूळ डब्यात परत.

पुंगळ्या गोळा करताना आत बघा. मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर प्रायमरची, चालते. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डान प्रायमरची. प्रायमर काढणारी पिन तिथे मोडते. लष्करी ५.५६ च्या पुंगळीत प्रायमरचा खळगा दाबून घट्ट केलेला असतो. ती कड काढायला वेगळं हत्यार लागतं, म्हणून आरंभी त्या बाजूलाच ठेवा.

हातोडीसारखा बुलेट पुलर पहिल्याच दिवशी घ्या, शंका आलेलं काडतूस उघडायला लागतोच. पुंगळ्या घासायचा टम्बलर नंतर घेतला तरी चालेल. तो स्वयंपाकघराजवळ नको: झाडलेल्या प्रायमरच्या धुळीत शिसं असतं, आणि कोरडा भुसा चाळताना ती हवेत उडते. गराजमध्ये, दार उघडं ठेवून चाळा. चष्मा लावा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.