दुखण्याची वही कशी लिहावी

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडे थंडीत मिरचीचे सातरे (मिरचीचे देठ खुडायच्या जागा) लागले की बाया दिवसभर मांडी घालून देठ खुडतात. मी इथल्याच एका गावात आशा सेविका आहे. संध्याकाळी घरभेटीला गेले की पायरीवरूनच हाक येते, "ताई, कंबर लय दुखते व, एखादी गोळी दे ना मले." गोळीच्या आधी मी आता वही मागते. पोराची अर्धी उरलेली चाळीस पानी चालते.

पहिल्या पानावर दुखणं कधीपासून आहे ते लिहा. तारीख आठवत नाहीच. "सोयाबीन काढताना सुरू झालं" असं लिहिलं तरी चालतं. डॉक्टर तीन महिन्यांवरच्या दुखण्याला जुनाट धरतात आणि त्याची तपासणी वेगळ्या अंगानं करतात.

मग दुखतं कसं ते लिहा. "लय दुखते" यावरून कोणालाच काही कळत नाही. ठणकतं? आखडतं? जळजळ होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं? हे शेवटचे तीन शब्द आले की नस स्वतःच बिघडली असेल अशी शंका घ्यायची. लुगड्याचा काठ घासला तरी कळ येत असेल, तर तेही लिहा. लाजू नका.

इजा नसतानाही दुखू शकतं, हे मिरची खुडणाऱ्याला समजावणं सोपं जातं. रात्री हात जळतात, पण फोड कुठे असतो? दुखणं टिपणाऱ्या बारीक तंतूंच्या टोकांना जणू एक दार असतं. ते साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनं उघडतं, आणि मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच दार उघडतं. भाजल्याचा निरोप जातो, भाजलेलं मात्र काही नसतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हे दार १९९७ साली शोधलं. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. नुसत्या पाण्यानं ही जळजळ जात नाही, आधी तेल चोळून पुसावं लागतं, हे सातऱ्यातल्या बायांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

सुजलेल्या सांध्यात हेच दार इतकं ढिलं होतं की अंगाच्या नेहमीच्या उष्णतेतही उघडू शकतं. शिवाय हे तंतू नुसते निरोपे नाहीत. टोकाशी ते स्वतःच काही रसायनं सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते, आणि वाढलेली सूज तंतूंना पुन्हा चेतवते. असं फार दिवस चाललं की मणक्यातली मज्जारज्जूही निरोप मोठा करून वर पाठवायला लागते. जखम कधीच भरलेली असते, तरी माणूस कण्हतो.

माझंच झालं होतं. बांधावरून घसरले, कंबर धरली. सहा महिन्यांनी एक्स-रे फोटो काढला, त्यात काही नाही. घरात लगेच सुरू, "फोटो तं साफ आहे, मंग कायले कण्हते?" मग एका सुईवाल्याकडे आठवड्याला दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेत राहिले. शेवटी पोटात आग पडली आणि कंबर होती तशीच. म्हणून वहीत एक पान औषधांचं ठेवा: कोणती गोळी, कोणी दिली, किती दिवस. डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी रोज घेतली तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि बिघडलेल्या नसेच्या दुखण्यावर तिचा फारसा उपयोगही होत नाही. त्यासाठी डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलिन देतात. ते उदासीच्या आजारातही वापरतात, म्हणून "येड्याची गोळी" म्हणत फेकून देऊ नका.

रोजची नोंद दोनच ओळींची ठेवा. रात्री झोप किती झाली (झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं), आणि कामाला बसल्यावर किती मिनिटांनी कळ सुरू झाली. माझी चाळीस मिनिटांनी यायची. मी तीस मिनिटांनाच उठून विहिरीपर्यंत चालून यायला लागले. कळ आल्यावर उठणं वेगळं आणि तिच्या आधी उठणं वेगळं. दोन महिन्यांनी पन्नास मिनिटं बसता यायला लागलं.

कंबरदुखीसोबत लघवी-संडासचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, तर वही राहू द्या, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

महिन्यातून एकदा बोटांचं पान. डोळे मिटून पडायचं. दुसऱ्यानं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटानं हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर रक्तातली साखर तपासून घ्या; ती वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. अंगावर बधिर चट्टा असेल तर आम्हा आशांना दाखवा. कुष्ठरोगाचं औषध आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

शेजारच्या मावशीच्या वहीत दोन वर्षं "तळपायाची आग" होती. मागच्या उन्हाळ्यात ती हसत आली, "जळजळ गेली व बाप्पा, आपोआप!" मी तिला खाटेवर पाडून बोटं लावली. सहातली तीनच तिला कळली. टाचेत बाभळीचा काटा होता, आठवड्याचा तरी असेल, तिला पत्ताच नव्हता. साखर खूप वाढलेली निघाली. आता तिच्या वहीत रोज रात्री तळपाय पाहिल्याची एक रेघ असते. आरसा नातीनं धरायचा, रेघ मावशीनं मारायची.